प्रिफिक्स-सफिक्सची यादी पाठ, तरी शब्द चुकतात: सातपूरच्या एका नववीच्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर भागातली मराठी माध्यमाची शाळा. शाळेचं आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. नववीच्या या वर्गातल्या बहुतेक मुलांचे पालक सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. कुणाचे वडील टर्नर, कुणाचे फिटर, कुणाची आई पॅकिंगला. काही मुलं महिरावणी-गिरणाऱ्याकडून येतात, त्यांच्या घरी द्राक्षं किंवा टोमॅटो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे नववीत येईपर्यंत या मुलांची आठ वर्षं इंग्रजीसोबत गेलेली होती, पण वाचनापुरतीच.

पुढच्याच वर्षी दहावी. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाच्या भागात दिलेल्या शब्दाला उपसर्ग किंवा प्रत्यय जोडून नवा शब्द करायला सांगतात आणि तो वाक्यात वापरायलाही सांगतात. मार्क थोडे असले तरी हमखास मिळायला हवेत असे. म्हणून शाळेने नववीच्या सुरुवातीलाच वर्गात एक तक्ता लावला होता. डावीकडे उपसर्ग, उजवीकडे प्रत्यय, प्रत्येकासमोर मराठी अर्थ आणि एक उदाहरण. मुलांनी तो पाठ केला. तोंडी विचारलं की घडाघड म्हणून दाखवायची.

अडचण

सहामाहीच्या पेपरांत तक्त्यातली उदाहरणं जशीच्या तशी आली तिथे उत्तरं बरोबर होती. तक्त्याबाहेरचा शब्द दिला की गाडी रुळावरून उतरत होती. 'अनपॉसिबल', 'डिसहॅपी', 'सॅडमेंट', 'करेजफुल' असे शब्द भरभरून सापडले. वाक्यांत 'ही इज व्हेरी हॅपिनेस' आणि 'माय मदर इज अ गुड कुकर'. जिथे शब्द ऐकायला बरोबर होता तिथे स्पेलिंग चुकलेलं: 'हॅपिनेस'मध्ये वाय तसाच, 'केअरफुल'च्या शेवटी दोन एल, 'होपिंग'मध्ये ई कायम.

इंग्रजीच्या मॅडमनी इथे एक चांगली गोष्ट केली. सगळे पेपर पुन्हा काढून फक्त या एका प्रश्नाच्या चुका वहीत उतरवल्या आणि त्यांचे ढीग पाडले. पहिल्या ढिगात चुकीची जोडी, म्हणजे उपसर्ग नकाराचाच पण त्या शब्दाला न लागणारा. दुसऱ्यात शब्दाची जात चुकलेली: नामाला लागणारा प्रत्यय विशेषणाला, विशेषणाचा क्रियापदाला. तिसऱ्यात सांध्यावरचं स्पेलिंग. चौथ्यात शब्द बरोबर, वाक्यातली जागा चूक. सगळ्यांत मोठा ढीग तिसरा निघाला. तक्त्यात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

चुका एका गठ्ठ्यात पाहिल्या असत्या तर 'मुलांचा अभ्यास कमी पडतो' एवढाच निष्कर्ष निघाला असता आणि पाठांतर वाढवलं गेलं असतं. ढीग पाडल्यावर दिसलं की चार वेगळ्या अडचणी आहेत आणि यादी त्यांतली एकही सोडवत नाही.

कोणते पर्याय होते

सर्वांत सोपा पर्याय यादी मोठी करण्याचा. बाजारातल्या गाइडमधून दोनशे-अडीचशे शब्द काढायचे आणि रोज दहा पाठ करायला द्यायचे. काही पालकांची आणि वरच्या वर्गाच्या सरांचीही पसंती याला होती. परीक्षेपुरतं हे काही अंशी चालतंही. पण पाठ केलेला 'हॅपिनेस' मुलाला 'लेझी'पासून 'लेझिनेस' करायला मदत करत नाही, कारण दोन्हींत घडलं ते एकच हे त्याला दिसलेलं नसतं.

दुसरा पर्याय व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे सगळे नियम क्रमाने शिकवण्याचा. यात धोका वेळेचा. स्पेलिंगच्या प्रत्येक नियमाला अपवाद, अपवादांना पोटअपवाद, आणि हाताशी आठवड्याच्या दोन तासिका.

तिसरा पर्याय मोजके उपसर्ग-प्रत्यय घेऊन ते खोलात शिकवण्याचा. शालेय इंग्रजी पुस्तकांतल्या उपसर्गयुक्त शब्दांची एक मोजणी १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत 'अन', 'री', 'डिस' आणि 'इन'चं कुटुंब (त्यात 'इम', 'इल', 'इर' आलेच) एवढ्यांतच ५८ टक्के शब्द बसले होते. म्हणजे वीस उपसर्गांच्या तक्त्यातले पंधरा-सोळा बाजूला ठेवले तरी फारसं बिघडत नाही.

मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त होता: धडे मागे पडले तर? शेवटी ठरलं ते असं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्याची एक तासिका आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतली एक, एवढंच या कामाला. उपसर्ग पाच: 'अन', 'री', 'इन'चं कुटुंब, 'डिस' आणि 'मिस'. प्रत्यय आठ: करणाऱ्याचा 'अर', 'फुल', 'लेस', 'नेस', 'मेंट', 'एबल', 'ली' आणि 'शन'. बाकी सगळे वाचनात भेटतील तेव्हा. भिंतीवरचा तक्ता उतरवला, ही या निर्णयाची खरी खूण. तक्ता समोर असेपर्यंत मुलं शब्दाकडे बघत नाहीत, तक्त्याकडे बघतात.

काय केलं: आधी सोलणं, मग जोडणं

पहिले काही तास एकही नवा शब्द बनवला नाही. तयार शब्द सोलायचे, एवढंच. शब्द आणायचे कुठून, तर येण्याजाण्याच्या रस्त्यावरून. त्र्यंबक रोडच्या पाट्या, दुकानांची शटर, मालाचे खोके, मोबाइलचे मेसेज. मुलांनी आणलेल्या शब्दांत 'सीडलेस' होता (द्राक्षाच्या खोक्यावरून), 'अनलिमिटेड' होता (थाळीच्या पाटीवरून), मोटार दुरुस्तीच्या दुकानावरचा 'रिवाइंडिंग', डब्यावरचा 'अनब्रेकेबल', मोबाइलमधला 'रिचार्ज'. एका मुलीने कारखान्याच्या गेटवरची पाटी उतरवून आणली: 'हेल्पर व ऑपरेटर पाहिजेत'. एका ओळीत करणाऱ्याचे दोन शब्द, आणि इंग्रजीत लिहिताना त्यांचे शेवट निराळे. 'हेल्पर'च्या शेवटी ई-आर, 'ऑपरेटर'च्या शेवटी ओ-आर. कानाला फरक नाही, देवनागरीतही नाही. त्या पाटीवर अख्खी तासिका गेली आणि ती सार्थकी लागली. मूळ क्रियापदाचा शेवट ए-टी-ई असेल, जसं 'ऑपरेट', तर ओ-आर. सी-टी असेल, जसं 'कंडक्ट', 'इन्स्पेक्ट', 'कलेक्ट', 'ॲक्ट', तरी बहुधा ओ-आर. रोजच्या छोट्या क्रियापदांना ई-आर: 'हेल्पर', 'वेल्डर', 'फिटर', 'टर्नर'. हे सगळ्या शब्दांना पुरत नाही, पण एमआयडीसीतल्या मुलाच्या ओळखीचे बहुतेक शब्द यात बसतात.

सोलताना दोन प्रश्न विचारायचे, आणि दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच जोड खरी मानायची. उरलेला तुकडा इंग्रजीत शब्द म्हणून जगतो का? आणि त्याचा अर्थ पूर्ण शब्दाच्या अर्थात सापडतो का?

पहिल्या प्रश्नावर 'अंकल' आणि 'मिस्टर' गळतात. 'अंकल'मधला 'अन' काढला तर उरतं ते काहीच नाही. दुसरा प्रश्न लागतो तो 'कॉर्नर'साठी. 'अर' काढल्यावर 'कॉर्न' उरतो, तो शब्द आहे, पण मक्याचा आणि कोपऱ्याचा संबंध नाही. 'रीड'मधून 'री'ची दोन अक्षरं काढली की 'ॲड' उरतो, तोही शब्दच, पण संबंध शून्य. 'मिसकॉल' तर निम्म्या वर्गाने 'मिस' उपसर्गाखाली लिहिला होता. तो मुळात 'मिस्ड कॉल', म्हणजे हुकलेला, चुकीचा नव्हे. 'डिस्काउंट'वर वाद झाला. इतिहासात तो 'डिस' जोडूनच झालेला शब्द आहे, पण आज 'न मोजणे' असा अर्थ काढून कुणाला काही कळत नाही. तो बाजूला ठेवला आणि कारण मुलांना सांगितलं. हे सांगणं महत्त्वाचं, नाहीतर चौकस मूल मोठ्या शब्दकोशात बघून येतं आणि त्याचा कसोटीवरचाच विश्वास उडतो.

जात ओळखणं

इथे नियम सांगण्यापेक्षा वाक्याचे साचे उपयोगी पडले. चार साचे फळ्यावर कायम लिहून ठेवले. 'शी इज व्हेरी' आणि पुढे रिकामी जागा, तिथे बसतं ते विशेषण. 'दे' रिकामी जागा 'एव्हरी डे', तिथे क्रियापद. 'हर' रिकामी जागा 'सरप्राइज्ड अस', तिथे नाम. 'ही स्पोक' रिकामी जागा, तिथे बहुधा क्रियाविशेषण. मूल शब्द साच्यात घालून बघतं आणि 'दे हॅपी एव्हरी डे' बसत नाही हे त्याचं त्यालाच ऐकू येतं. एवढा कान आठ वर्षांत तयार झालेला असतो, तो वापरला जात नाही इतकंच.

जात कळली की प्रत्ययाची निवड अर्धी होते. 'नेस' विशेषणाला लागून नाम देतो: 'सॅड'चं 'सॅडनेस'. 'मेंट' क्रियापदाला लागतो: 'इम्प्रूव्ह'चं 'इम्प्रूव्हमेंट'. म्हणून 'सॅडमेंट' होत नाही. 'फुल' आणि 'लेस' बहुधा नामाला: 'केअरफुल', 'सीडलेस'. 'एबल' क्रियापदाला: 'वॉशेबल'. 'करेजफुल' मात्र या नियमात बसतो, कारण 'करेज' नामच आहे, आणि तरीही तो चूक आहे. तिथे 'करेजस' हा शब्द आधीच जागा धरून बसलाय. हे मुलांना प्रामाणिकपणे सांगावं लागतं: जात जुळणं आवश्यक आहे, पुरेसं नाही. 'कुकर'चंही तेच. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला 'कुक' म्हणतात, आणि 'कुकर' हा शिट्ट्या देणाऱ्या भांड्याने घेतलेला शब्द. 'स्टील' म्हणजे चोरणे, पण 'स्टीलर' कुणी म्हणत नाही, कारण 'थीफ' आहे. असे 'जागा भरलेली' शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहायची सवय लावली.

'ली'बद्दल जास्त वेळ घालवला नाही. विशेषणाचं क्रियाविशेषण होतं. पण 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' ही विशेषणंच, 'फास्ट'ला 'ली' लागत नाही आणि 'हार्डली'चा अर्थ 'जेमतेम' असा होतो.

नकाराचे उपसर्ग: जिथे डाव फसला

'इन'चं 'इम' का होतं हे समजावायला मॅडमनी मराठीचा आधार घेतला आणि तो अगदी चपखल होता. 'संत' आणि 'संप' मोठ्याने म्हणायला लावलं. अनुस्वार एकच, पण 'संत'मध्ये तो 'न्' ऐकू येतो, 'संप'मध्ये 'म्'. 'प' उच्चारायला ओठ मिटावे लागतात, म्हणून आधीचा नाकातला आवाजही ओठांवर येतो. आता 'इनपॉसिबल' भरभर म्हणा. ओठ आपोआप मिटतात आणि 'इम्पॉसिबल' होतं. 'निर्दोष', 'निष्कारण', 'निःशब्द' यांत एकाच उपसर्गाची रूपं पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतात, हे संधी शिकलेल्या मुलांना माहीत होतं. 'इन'चंही तसंच: पी, बी, एमच्या आधी 'इम', एलच्या आधी 'इल', आरच्या आधी 'इर'. वर्ग खूश, मॅडम खूश.

पुढच्या शनिवारी वह्या आल्या आणि त्यांत 'इलकी', 'इरियल', 'इमप्लेझंट' असे शब्द होते.

नियम चूक नव्हता, अर्धा होता. असा बदल 'इन'चा होतो, 'अन'चा होत नाही. 'इन' लॅटिनमधून आलेला आहे आणि अक्षर बदलण्याची ही सवय तो तिथूनच घेऊन आला. 'अन' इंग्रजीचा घरचा, तो कुठल्याही अक्षराआधी 'अन'च राहतो: 'अनलकी', 'अनरियल', 'अनप्लेझंट', 'अनपॉप्युलर'. मुलांनी आणून दिलेली थाळीची पाटी 'अनलिमिटेड'च सांगत होती, ती 'इलिमिटेड' नव्हती. उदाहरण हाताशी होतं, वेळेवर वापरलं गेलं नाही.

मग कोणता शब्द 'अन' घेतो आणि कोणता 'इन', हा प्रश्न उरतोच. याला पूर्ण नियम नाही, आणि आहे असं भासवणं मुलांवर अन्याय आहे. काही आधार मात्र देता येतात. शेवटी ई-डी किंवा आय-एन-जी असलेल्या विशेषणांना जवळजवळ नेहमी 'अन': 'अनवॉन्टेड', 'अनएंडिंग'. रोजच्या क्रियापदाला 'एबल' लावून झालेल्यांनाही बहुधा 'अन': 'अनब्रेकेबल', 'अनवॉशेबल'. 'इम', 'इल', 'इर' यांची शालेय पातळीवरची यादी इतकी लहान आहे की ती सरळ पाठ करावी: 'इम्पॉसिबल', 'इम्पेशंट', 'इम्पोलाइट', 'इम्परफेक्ट', 'इम्प्रॉपर', 'इम्मॅच्युअर', 'इल्लीगल', 'इल्लिटरेट', 'इल्लॉजिकल', 'इररेग्युलर', 'इररिस्पॉन्सिबल'. पाठांतराला इथे विरोध नाही. अकरा शब्द पाठ करणं आणि अडीचशे पाठ करणं यांत फरक आहे.

एक गुंता वरच्या गटातल्या मुलांनी स्वतः शोधला. 'अनएबल', पण त्याचं नाम 'इनॅबिलिटी'. 'अनइक्वल', पण 'इनइक्वॅलिटी'. 'अनस्टेबल', पण 'इन्स्टॅबिलिटी'. 'अनजस्ट', पण 'इन्जस्टिस'. अशा शब्दांत विशेषण 'अन' घेतं आणि लॅटिन शेवटाचं नाम 'इन' घेतं. अशा जोड्या जोडीनेच लिहायच्या, सुट्या नाहीत.

'डिस' आणि 'मिस' त्या मानाने सरळ गेले. 'मिस' म्हणजे चुकीचं, 'न करणं' नव्हे. 'अन' क्रियापदाला लागला की अर्थ 'नाही' असा होत नाही, केलेलं उलटवणं असा होतो: 'अनलॉक', 'अनटाय'. मोबाइलमुळे हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

सांधा

स्पेलिंगच्या मोठ्या ढिगामागचं कारण शोधताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती मराठी माध्यमाच्या प्रत्येक इंग्रजी शिक्षकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. मूल इंग्रजी शब्द डोक्यात देवनागरीत साठवतं. 'होप' हा त्याच्यासाठी 'हो' आणि 'प' आहे, शेवटचा ई त्याच्या मनातल्या शब्दात नाहीच. मग 'शेवटचा ई काढा' हा नियम त्याला सांगून काय कळणार? जे दिसतच नाही ते काढायचं कसं? 'केअरफुल' आणि 'फुल' देवनागरीत सारखेच दिसतात, म्हणून दोन्हीकडे दोन एल. 'रनर'मध्ये एक 'न', म्हणून इंग्रजीतही एकच एन. ई-आर आणि ओ-आर, 'एबल' आणि 'इबल' यांतला फरकही लिपी गिळून टाकते.

यावर उपाय एकच, शब्द बोलून न जोडता अक्षरं लिहून जोडायचा. वहीत मूळ शब्द रोमन लिपीत सुटी-सुटी अक्षरं करून लिहायचा, मधे अधिकचं चिन्ह, मग प्रत्यय. मूळ शब्दाच्या शेवटच्या आणि प्रत्ययाच्या पहिल्या अक्षराला गोल. या दोन गोलांकडे बघून तीन प्रश्न, याच क्रमाने.

शेवटचं अक्षर मुका ई आहे आणि प्रत्यय स्वराने सुरू होतो? मग ई वर काट मारायची: 'होपिंग', 'युजेबल'. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर ई राहतो: 'होपफुल', 'केअरलेस'. ई च्या आधी सी किंवा जी असेल आणि प्रत्यय ए किंवा ओ ने सुरू होत असेल तर मात्र तो काढायचा नाही: 'नोटिसेबल', 'चेंजेबल', 'करेजस'. काढला तर सी चा 'क' होईल आणि जी चा 'ग'. 'ट्रुली', 'अर्ग्युमेंट' आणि 'नाइन्थ' हे तीन उलट अपवाद, यांत व्यंजनाआधीही ई जातो.

शेवटी वाय आहे आणि त्याच्या आधी व्यंजन? वाय जाऊन आय: 'हॅपिनेस', 'ब्युटिफुल'. वायच्या आधी स्वर असेल तर वाय तसाच: 'एन्जॉयमेंट', 'प्लेफुल'. आय-एन-जी लावताना वाय कधीच बदलत नाही, नाहीतर दोन आय शेजारी येतील: 'स्टडीइंग', 'कॅरीइंग'. 'डेली' आणि 'शायनेस' हे लक्षात ठेवायचे अपवाद.

शब्द एका ठोक्याचा (एका सिलेबलचा) आहे, शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन आहे आणि प्रत्यय स्वराने सुरू होतो? व्यंजन दुहेरी: 'रनर', 'स्विमर'. दोन ठोक्यांचा असेल तर जोर शेवटच्या ठोक्यावर असेल तेव्हाच दुहेरी. म्हणून 'बिगिनर'मध्ये दोन एन, पण 'ओपनर'मध्ये एक आणि 'व्हिजिटर'मध्ये टी एकच. हा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड गेला. जोर कुठे पडतो हे मराठी कानाला सहज ऐकू येत नाही, कारण मराठीत जोराने शब्द बदलत नाही. तिथे दोन ठोक्यांचे सहा-सात शब्द पाठच करायला दिले.

उपसर्गाच्या बाजूला मात्र मोठा दिलासा आहे. मूळ शब्दाचं एकही अक्षर गळत नाही आणि एकही वाढत नाही. 'अन' अधिक 'नेसेसरी', म्हणून दोन एन. 'मिस' अधिक 'स्पेल', म्हणून दोन एस. 'डिस' अधिक 'अपिअर', म्हणून एस एकच, आणि पी दोन कारण ते 'अपिअर'मधलेच. 'डिस' अधिक 'सॅटिस्फाइड', तिथे दोन एस. 'इम्मॅच्युअर'मध्ये एन चा एम झाला, पण 'मॅच्युअर'चा एम जागेवरच आहे, म्हणून दोन. हे एकदा कळलं की मुलं या शब्दांत चुकेनाशी होतात. 'केअरफुली'तले दोन एलही असेच मोजायचे: एक 'फुल'चा, एक 'ली'चा.

निकाल

फेब्रुवारीत वीस शब्दांची चाचणी घेतली, त्यातले निम्मे शब्द वर्गात कधीच न घेतलेले. सांध्याच्या चुका सर्वांत जास्त कमी झाल्या, आणि मुलांच्या कच्च्या पानावर सुटी अक्षरं नि गोल दिसत होते. जातीच्या चुकाही घटल्या. 'सॅडमेंट'सारखा शब्द जवळजवळ दिसला नाही. 'ही इज हॅपिनेस'सारखी वाक्यं कमी झाली, संपली नाहीत.

'अन' की 'इन' की 'डिस' यात मात्र सुधारणा माफकच. ते अपेक्षितही होतं, कारण ती निवड वाचून-वाचूनच पक्की होते.

मागच्या बाकांवरच्या काही मुलांना या साऱ्याचा फारसा फायदा झाला नाही. त्यांच्याकडे मूळ शब्दच नव्हते. 'पेशंट'चा 'धीराचा' हा अर्थ माहीत नसेल (दवाखान्यातला 'पेशंट' तेवढा माहीत) तर 'इम्पेशंट' उलगडणार कसा? त्यांच्यासाठी वेगळी सोय करायला हवी होती आणि ती झाली नाही.

नियोजनात नसलेला फायदा वाचनात दिसला. लांब शब्द आला की आधी तो गाळून पुढे जाणारी मुलं आता थांबून बोटाने तुकडे पाडत होती. 'मिसअंडरस्टँडिंग' हा शब्द एका मुलाने 'मिस', 'अंडरस्टँड', 'इंग' असा पाडला. दुसऱ्याने 'अंडर' आणि 'स्टँड'ही वेगळे केले, आणि अर्थाच्या प्रश्नावर अडकून स्वतःच मागे आला.

पुन्हा करायचं झालं तर

सांध्याचं काम शेवटी न ठेवता दुसऱ्या आठवड्यापासून, रोज दोन शब्द, असं पसरवावं. ते हाताला लागणारं कौशल्य आहे, एकदम शिकवून बसत नाही.

'इन'चा बदल शिकवण्याच्या आधी 'अन'चे दहा-बारा शब्द पक्के करावेत, आणि त्यांत एल, आर, पी ने सुरू होणारे मुद्दाम घ्यावेत. 'संत-संप'चं उदाहरण सोडू नये, फक्त त्याच तासाला 'अनलकी' शेजारी लिहून दाखवावा.

मूळ शब्द कच्चे असलेल्या मुलांना पहिल्या महिन्यात तीस-चाळीस मूळ शब्दच द्यावेत, अर्थ आणि साच्यासकट, जोड न लावता. 'केअर', 'होप', 'हेल्प', 'युज', 'हॅपी', 'काइंड', 'अग्री', 'लाइक' असे प्रत्येकी तीन-चार तरी जोड घेणारे निवडले तर पुढे कष्ट वाचतात.

शब्दकोश वर्गात असावा, एक जाड प्रत पुरते. बनवलेला शब्द खरा आहे का हे शिक्षकाला विचारण्यापेक्षा मुलाने तिथे बघावं. पुष्कळ कोशांत असे साधित शब्द मूळ शब्दाच्या नोंदीच्या शेवटी बारीक ठशात असतात, वेगळ्या नोंदीने सापडत नाहीत. ही जागा आधी दाखवली नाही तर मूल 'शब्द कोशात नाही' म्हणून बरोबर उत्तर खोडतं.

आणि चाचणीत शब्दाचा वाक्यातला उपयोग तपासताना 'आय लाइक हॅपिनेस'सारखं कुठल्याही नामाला चालणारं वाक्य मान्य करू नये. 'हर हॅपिनेस डिड नॉट लास्ट' असं, त्या नामाचा अर्थ ज्यात लागतो असं वाक्य मागावं. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, पण त्यानंतर विशेषणाच्या जागी नाम घालण्याची चूक लवकर सुटते.